सर्व्हरमधे रॅम नीट कशी लावायची: चॅनेल, स्लॉट, बायोस, सगळं सविस्तर

भोसरी, चाकण, हिंजवडी कुठेही जा, छोट्या-मध्यम कंपन्यांच्या सर्व्हर रूममधे एकच प्रकार सारखा बघायला मिळतो. ईआरपी (कंपनीचा स्टॉक, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्लो झालं की वेंडरला फोन जातो, वेंडर म्हणतो रॅम वाढवा, दोन स्टिक येतात, जो स्लॉट मोकळा दिसेल त्यात बसतात, टास्क मॅनेजरमधे आकडा वाढलेला दिसतो आणि बिल पास होतं. पंधरा दिवसांनी स्टोअरवाला परत तीच तक्रार घेऊन येतो. त्याची तक्रार खोटी नसते. सर्व्हरमधे रॅम किती आहे याच्याइतकंच ती कुठल्या स्लॉटमधे बसलीय याला महत्त्व आहे, आणि या दुसऱ्या गोष्टीसाठी बहुतेक वेळा एक रुपयाही जास्त लागत नाही, फक्त ऑर्डर द्यायच्या आधी अर्धा तास मॅन्युअल वाचावं लागतं. ते कोणी करत नाही म्हणून हा लेख.

आधी बघा, दुखणं रॅमचंच आहे ना

रॅम कमी पडणं आणि रॅमचा वेग कमी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इलाजही वेगळे आहेत. लिनक्सवर फ्री कमांड चालवा आणि त्यात अव्हेलेबल हा कॉलम बघा, फ्री हा कॉलम बघून घाबरू नका कारण लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशला वापरतो आणि तसंच असायला पाहिजे. मग कामाच्या ऐन गर्दीत, म्हणजे सकाळी अकराच्या सुमाराला किंवा महिनाअखेरीला, व्हीएमस्टॅट लावून ठेवा. एसआय आणि एसओ या दोन कॉलममधे सतत आकडे हलत असतील तर मशीन स्वॅप करतंय, म्हणजे रॅममधला डेटा डिस्कवर ठेवतंय आणि परत आणतंय, रॅम खरंच कमी आहे. विंडोजवर रिसोर्स मॉनिटरमधे हार्ड फॉल्ट्स बघा, सतत वर असतील तर तीच गोष्ट.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्याने ९० टक्के रॅम खाल्लेली दिसणारच, तो मिळेल तेवढी घेतो. त्यात मॅक्स सर्व्हर मेमरीची मर्यादा घातलेली आहे का ते बघा, बऱ्याच ठिकाणी ती कोणी घातलेलीच नसते आणि ऑपरेटिंग सिस्टिम बिचारी श्वास घ्यायला जागा शोधत असते. हे फुकटचं काम आहे, आधी ते करा.

स्वॅप नाही, डिस्क निवांत आहे, सीपीयू मात्र गरम आणि रिपोर्ट तरी रेंगाळतोय, मग रॅमच्या मांडणीकडे वळायचं. मोठ्या डेटाबेसचे रिपोर्ट, एकाच मशीनवर दहा-पंधरा व्हर्च्युअल मशीन, डिझाइन टीमची सिम्युलेशन, अशा कामांत मेमरी बँडविड्थचा फरक स्पष्ट दिसतो. नुसती टॅली आणि फाइल शेअरिंग चालत असेल तर स्लॉट बदलून काही जाणवणार नाही, तिथे एसएसडी टाका, पैसे तिकडे लावा.

चॅनेल म्हणजे काय आणि एवढं महत्त्व का

सर्व्हरच्या प्रोसेसरमधे मेमरीसाठी वेगवेगळे रस्ते असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. प्रोसेसर डेटाचे तुकडे करून सगळ्या चॅनेलवर एकाच वेळी वाटतो, याला इंटरलीव्हिंग म्हणतात. खेड शिवापूरच्या टोल नाक्यावर समजा सहा लेन असून दोनच चालू ठेवल्या तर रविवारी संध्याकाळी काय होईल ते पुणेकराला सांगायला नको, रिकाम्या चॅनेलचं अगदी तसंच आहे. तुम्ही लेनमधे कितीही मोठी गाडी उभी करा, लेन दोनच.

किती चॅनेल ते प्रोसेसरच्या पिढीवर आहे. इंटेलच्या झिऑन ई५ च्या व्ही३, व्ही४ पिढीत प्रत्येक सीपीयूला ४ चॅनेल होते. २०१७ मधे झिऑन स्केलेबल आले, त्याच्या पहिल्या दोन पिढ्यांना ६ चॅनेल. २०२१ च्या तिसऱ्या पिढीपासून ८. एएमडीच्या एपिकला सुरुवातीपासून ८ होते, २०२२ च्या शेवटी आलेल्या जेनोआपासून १२ झाले. आणि छोटे टॉवर सर्व्हर, झिऑन ई वाले, त्यांना फक्त २.

हिशोब सोपा आहे. एका चॅनेलवरून एका वेळी ८ बाइट जातात, त्यामुळे मेमरी २४०० मेगाट्रान्सफरला (सेकंदाला २४० कोटी फेऱ्या) चालत असेल तर एक चॅनेल सेकंदाला १९.२ जीबी देतो. सहाही चॅनेल भरलेले असतील तर सीपीयूला ११५.२ जीबी. दोनच भरलेले असतील तर ३८.४. म्हणजे तेच मशीन, तोच प्रोसेसर, आणि दोन तृतीयांश ताकद रिकाम्या स्लॉटमधे पडून. हे कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्षात याच्यापेक्षा कमीच मिळतं, पण प्रमाण साधारण तेच राहतं.

मशीनमधे आत्ता काय आहे ते लिहून काढा

मशीन उघडायची गरज नाही. लिनक्सवर रूट म्हणून डीएमआयडीकोड कमांड मेमरी टाइप देऊन चालवा, विंडोजवर पॉवरशेलमधून विन३२ फिजिकल मेमरीची माहिती काढा, किंवा डेलच्या आयड्रॅकमधे, एचपीईच्या आयएलओमधे (सर्व्हर लांबून सांभाळायची सोय) थेट मेमरीच्या पानावर जा. प्रत्येक स्टिकसमोर पाच गोष्टी लिहा: स्लॉटचं नाव, साइज, रँक (एका वेळी मिळून काम करणारा चिपचा गट), पार्ट नंबर आणि वेग. वेगाच्या दोन ओळी दिसतात, एक स्पीड आणि एक कॉन्फिगर्ड स्पीड. पहिली म्हणजे स्टिकची लायकी, दुसरी म्हणजे ती प्रत्यक्षात किती वेगाने पळतेय. दोन्हीत फरक दिसला की लगेच वेंडरला फोन करू नका, आधी प्रोसेसर बघा. झिऑन सिल्व्हर ४२१० घ्या, तो मेमरी २४०० च्या वर चालवतच नाही, तिथे २९३३ ची स्टिक लावली तरी ती २४०० लाच चालणार आणि त्यात बिघाड काही नाही. फक्त जास्त वेगाच्या स्टिकसाठी जास्तीचे पैसे मोजायचे नाहीत एवढंच.

आता मॉडेलचं ओनर्स मॅन्युअल डाउनलोड करा आणि त्यातलं मेमरी पॉप्युलेशनचं टेबल काढून प्रिंट घ्या. किती स्टिक असतील तर कुठल्या स्लॉटमधे, हे त्यात नावानिशी दिलेलं असतं. हे टेबल कंपनीगणिक, मॉडेलगणिक बदलतं, स्लॉटचे नंबर दिसायला ओळीत असले तरी चॅनेल ओळीत असतील असं नाही. अंदाजाने लावू नका. डेलच्या मशीनवर साधारण पांढऱ्या खटक्याचे स्लॉट म्हणजे चॅनेलचा पहिला स्लॉट आणि काळे म्हणजे दुसरा, त्यामुळे आधी सगळे पांढरे आणि मग काळे, पण तरीही टेबल बघून खात्री करा.

स्टिकवरचं लेबल

लेबलवर साधारण असं छापलेलं असतं: १६जीबी २आरएक्स८ पीसी४-२९३३वाय-आर. यातला पीसी४ म्हणजे डीडीआर४, २९३३ हा वेग. २आर म्हणजे दोन रँक, एक्स८ म्हणजे त्यावरच्या चिपची रुंदी. शेवटच्या डॅशनंतरचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. आर असेल तर आरडिम म्हणजे रजिस्टर्ड, एल असेल तर एलआरडिम, ई असेल तर ईसीसीवाली (डेटातली चूक पकडून दुरुस्त करणारी) यूडिम, यू असेल तर साधी, डेस्कटॉपची. यातले प्रकार एकमेकांत मिसळत नाहीत. आरडिम आणि एलआरडिम एकत्र लावली तर मशीन पुढे सरकणारच नाही. आणि झिऑन ई चे छोटे टॉवर फक्त यूडिम घेतात, त्यांच्यासाठी आरडिम मागवून बसलेले लोक दर वर्षी भेटतात, कारण कोटेशनवर नुसतं ‘सर्व्हर रॅम १६ जीबी’ लिहिलेलं असतं आणि दोन्ही बाजूंनी कोणी पुढे विचारत नाही. कोटेशनवर पूर्ण पार्ट नंबर मागा. नाही दिला तर ऑर्डर देऊ नका.

रँकबद्दल थोडं. दोन रँकची स्टिक एक रँकच्या स्टिकपेक्षा थोडी बरी चालते, कारण एक रँक कामात असताना कंट्रोलर दुसऱ्याला कामाला लावू शकतो. फरक चॅनेलइतका मोठा नाही, पण दोन्ही सारख्या किमतीला मिळत असतील तर दोन रँकची घ्या. एक्स४ चिपचा फायदा वेगळा आहे, अख्खी एक चिप मेली तरी डेटा दुरुस्त करायची सोय त्यात चांगली मिळते, म्हणून डेटाबेसच्या मशीनला मला एक्स४ पसंत.

डीडीआर५ बद्दल एक गैरसमज फार पसरलाय. प्रत्येक डीडीआर५ चिपमधे आतल्या आत एरर दुरुस्त करायची सोय असते, म्हणून ‘डीडीआर५ आहे म्हणजे ईसीसी आलंच’ असं सांगून डेस्कटॉपची स्टिक गळ्यात मारतात. ती सोय चिपच्या आतपुरती असते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय झालं ते तिला कळत नाही. सर्व्हरला खरी ईसीसीच पाहिजे.

काय विकत घ्यायचं, एक उदाहरण घेऊन

समजा मशीनमधे दोन झिऑन सिल्व्हर ४२१० आहेत, २४ स्लॉट, आणि आत्ता ३२ जीबीच्या चार स्टिक, म्हणजे १२८ जीबी. दर सीपीयूला दोन स्टिक, सहापैकी दोन चॅनेल चालू. भविष्यात वाढवता यावी म्हणून मोठ्या आणि मोजक्या स्टिक द्यायची वेंडर लोकांची सवय असते, ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण वर काढलेले ३८.४ जीबी ते हेच.

आता पर्याय बघा. आणखी चार ३२ च्या घेतल्या तर २५६ जीबी होते आणि सहापैकी चार चॅनेल भरतात, वेग ७६.८ पर्यंत जातो, वाईट नाही. आठ घेतल्या तर एकूण बारा स्टिक, ३८४ जीबी, सगळे चॅनेल चालू, पण एवढी रॅम लागणार आहे का? तिसरा पर्याय कोणी सुचवत नाही: जुन्या चार काढून दुसऱ्या मशीनला वापरा किंवा बायबॅकला द्या आणि १६ जीबीच्या बारा घ्या. १९२ जीबी, सहाच्या सहा चॅनेल, पूर्ण ११५.२. आकडा जरा विचित्र वाटतो, लोकांना १२८, २५६ असं गोल पाहिजे असतं, पण सहा चॅनेलच्या मशीनला ९६, १९२, ३८४ हेच गोल आकडे आहेत. गरज १५०-१६० जीबीची असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन.

सगळ्यात वाईट मांडणी म्हणजे अर्धवट. दर सीपीयूला आठ स्टिक अशा लावल्या की दोन चॅनेलवर दोन-दोन आणि उरलेल्या चारांवर एक-एक, मग सीपीयूला मेमरीचे वेगवेगळे तुकडे पाडावे लागतात आणि तुमचा प्रोग्राम कधी वेगवान तुकड्यात पडतो कधी हळू तुकड्यात, त्यामुळे तोच रिपोर्ट आज वीस सेकंदांत आणि उद्या चाळीस सेकंदांत असला वैताग सुरू होतो. पाच स्टिकची मांडणीही तसलीच. दोन सीपीयू असतील तर दोघांना अगदी सारखं द्या, साइजने पण आणि जागेने पण. एका बाजूला जास्त रॅम म्हणजे दुसऱ्या सीपीयूने सतत शेजाऱ्याच्या दारात जाणं.

वेगळ्या साइजच्या मिसळायच्याच असतील तर प्रत्येक चॅनेलवर सारखीच जोडी येईल असं बघा, मोठी स्टिक पहिल्या स्लॉटमधे आणि छोटी दुसऱ्या. आणि सगळ्यात हळू स्टिक जेवढी पळेल तेवढंच सगळं मशीन पळतं, म्हणून कपाटात पडलेली जुनी २१३३ ची स्टिक ‘असू दे, आहे तर लावू’ म्हणून घालू नका.

सगळे स्लॉट भरणं नेहमी चांगलं असंही नाही. एका चॅनेलवर दोन स्टिक आल्या की काही प्लॅटफॉर्मवर वेग उतरतो. चौथ्या पिढीच्या झिऑनवर एक स्टिक असेल तर ४८००, दोन झाल्या की ४४००. जुन्या ई५ च्या मशीनवर चॅनेलला तीन स्लॉट असायचे, तिसरा भरला की वेग अजून खाली. त्यामुळे चॅनेल सगळे भरा पण शक्यतो एकेका स्टिकनेच.

प्रत्यक्ष बसवताना

आधी बॅकअप, आणि नुसता झालाय असं नाही, एक फाइल रिस्टोअर करून बघा. मग वेळ ठरवा. भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी इंडस्ट्रीची सुट्टी, त्यामुळे सगळे गुरुवारच ठरवतात, पण महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात आणि लाईट जाते. बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच हातात येईल, म्हणून यूपीएसची बॅटरी खरंच किती वेळ टिकते ते आधी तपासून ठेवा किंवा बुधवारी रात्री शिफ्ट सुटल्यावर काम घ्या. बायोस आणि आयड्रॅक किंवा आयएलओचं फर्मवेअर रॅम लावायच्या आधी अपडेट करा, मेमरीच्या बऱ्याच कटकटी तिथेच मिटतात.

शटडाऊन करा, दोन्ही पॉवर केबल काढा, दोन्ही म्हणजे दोन्ही, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो. अँटीस्टॅटिक पट्टा मनगटाला आणि क्लिप चेसिसच्या उघड्या धातूला. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हवा एवढी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेवढा चटका रॅमच्या चिपला पुरतो. पट्टा बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो, कारण सांगून टाळू नका.

झाकण आणि एअर श्राउड (हवा वळवणारं आतलं आवरण) काढल्यावर स्लॉटचा मोबाइलवर फोटो घ्या. मशीन शॉपला लागून असलेल्या सर्व्हर रूममधे कूलंटचा बारीक तेलकट थर स्लॉटवर बसलेला असतो, नुसत्या ब्लोअरने तो निघत नाही आणि कधी कधी धूळ उलट आत ढकलली जाते. स्टिकच्या सोनेरी टोकांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबर वापरू नका, त्याने मुलामा घासला जातो.

नवी स्टिक कडांनी धरा, सोनेरी टोकांना बोट लागू देऊ नका. स्लॉटचे दोन्ही खटके बाहेर उघडा, खालची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा, जुळत नसेल तर स्टिक उलटी आहे किंवा प्रकारच चुकलाय, जोर लावू नका. जुळली की दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर एकदम सरळ खाली दाबा. जरा जास्तच जोर लागतो, बोर्ड दबल्यासारखा वाटतो, मग दोन्ही खटके आपोआप आत येऊन टक्‌ टक्‌ असे दोन आवाज येतात. एकच आवाज आला तर एक बाजू वर राहिलीय. सगळ्या लावून झाल्यावर डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बाजूने बघा, सगळ्या स्टिकची वरची कड एका रेषेत दिसली पाहिजे. रिकाम्या स्लॉटमधे प्लॅस्टिकचे ब्लँक असतील तर ते परत लावा, श्राउडही लावा, हवा कुठून वाहायची हे त्यावर ठरतं.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. मेमरी ट्रेनिंग चालू असतं, जास्त रॅम असेल तर जास्त वेळ, डीडीआर५ ला आणखी. इथे घाबरून बटण दाबून बंद करणारे लोक खूप आहेत. चहा घ्या, थांबा.

बायोसमधे काय बघायचं

मेमरी ऑपरेटिंग मोड ऑप्टिमायझर असला पाहिजे. चुकून मिरर असेल तर निम्मी रॅम गायब दिसेल, कारण तो प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवतो. मिररची खरंच गरज असलेली ठिकाणं थोडी आहेत. नोड इंटरलीव्हिंग बंद ठेवा, ते चालू केलं की ऑपरेटिंग सिस्टिमला जवळची रॅम कुठली आणि लांबची कुठली हे कळतच नाही. सिस्टिम प्रोफाइल डेलवर परफॉर्मन्स करा, एचपीईवर कामाला जुळणारं वर्कलोड प्रोफाइल निवडा. विजेचं बिल थोडं वाढेल. पॅट्रोल स्क्रब चालू राहू द्या, तो मागच्या मागे रॅम तपासत राहतो. सब न्यूमा क्लस्टरिंग आणि एपिकवरचं एनपीएस या सेटिंगला, सिम्युलेशनची मशीन सोडून, उगाच हात लावू नका.

लावून झाल्यावर तपासणी

आधी मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर. जुनी, रिफर्बिश्ड स्टिक असेल तर हे सोडूच नका. मग डीएमआयडीकोडची यादी परत काढा आणि आधीच्या यादीशी ओळ न ओळ पडताळा, स्लॉट, साइज, कॉन्फिगर्ड स्पीड.

नंतर न्यूमासीटीएल (numactl) कमांड हार्डवेअर पर्यायासह चालवा. दोन सीपीयूच्या मशीनवर दोन नोड (एकेक सीपीयू आणि त्याची रॅम) दिसतील, दोघांची रॅम जवळजवळ सारखी पाहिजे. खाली अंतराचं छोटं टेबल येतं, इंटेलवर बहुतेक १० आणि २१. १० म्हणजे स्वतःची रॅम, २१ म्हणजे दुसऱ्या सीपीयूची, लांबची. व्हर्च्युअल मशीन बनवताना हेच लक्षात ठेवायचं. १९२ जीबीच्या आपल्या उदाहरणात प्रत्येक नोडला ९६ येतात, एखाद्या मशीनला १२८ जीबी देऊन टाकले तर ते दोन्ही नोडवर पसरणार. ८० मधे भागत असेल तर ८० च द्या.

वेग मोजायला स्ट्रीम नावाचा बेंचमार्क आहे, इंटेलचं मेमरी लेटन्सी चेकरही फुकट मिळतं. रॅम बदलायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चालवा आणि दोन्ही आकडे बिलाला जोडून ठेवा, पुढच्या वेळी मॅनेजमेंटला पटवताना उपयोगी पडतात. स्ट्रीमचा अ‍ॅरे प्रोसेसरच्या कॅशपेक्षा निदान चौपट मोठा ठेवा, नाहीतर तुम्ही रॅम सोडून कॅशच मोजत बसाल.

पुढे लक्ष कशावर ठेवायचं

लिनक्सवर रासडेमन (मेमरीच्या एररची नोंद ठेवणारा प्रोग्राम) चालू करून ठेवा, विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमधले व्हीया (WHEA) लॉगर आणि आयड्रॅक किंवा आयएलओमधले मेमरीचे लॉग महिन्यातून एकदा बघा, ईमेल अलर्ट लावता आला तर फारच उत्तम. करेक्टेबल एरर एखाद-दुसरी आली तर चालतं, ईसीसीचं कामच ते आहे. त्याच स्लॉटवर परत परत यायला लागली तर पुढची अनकरेक्टेबल असू शकते, आणि ती आली की मशीन भर दुपारी पडतं.

अशा वेळी आधी एकदा नीट रीस्टार्ट करा, नव्या मशीनमधे सेल्फ हीलिंग असतं आणि खराब जागा ते बूट होताना बदलून टाकतं, स्टिक आधीच उपटली तर ती संधी जाते. तरी एरर येत राहिली तर ती स्टिक आणि दुसऱ्या चॅनेलवरची तशीच स्टिक यांची अदलाबदल करा आणि काही दिवस थांबा. एरर स्टिकबरोबर नव्या जागी गेली तर स्टिक खराब, लॉगचा स्क्रीनशॉट आणि पार्ट नंबर लावून वॉरंटीत टाका. एरर जुन्याच स्लॉटवर राहिली तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन, तिथे नवी स्टिक घेऊन काही होणार नाही, कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरलाच बोलवा आणि अदलाबदलीच्या आधीचे-नंतरचे दोन्ही लॉग त्याच्या हातात द्या.